वाचकांचे प्रश्न : प्राचीन ज्यू घरीदारी कोणती भाषा बोलत?

प्रश्न (नाशिकहून एक वाचक) : बाबिलोनच्या बंदिवासात ज्यू लोक हिब्रू विसरले, परत येताना अरामी घेऊन आले आणि तेव्हापासून हिब्रू केवळ धर्मग्रंथांची भाषा उरली, असे अनेक पुस्तकांत वाचले आहे. हे कितपत खरे मानावे?

उत्तर : अरामी आली हे खरे आहे. मात्र ती परतणाऱ्यांच्या गाठोड्यातून एका फेरीत आली आणि तिने हिब्रूला घराबाहेर काढले, हे उपलब्ध पुराव्यात बसत नाही.

मुळात अरामीशी ज्यूंचा परिचय बंदिवासाच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदा देशावर स्वारी केली, तेव्हा त्याचा रब्शाके हा सरदार जेरुसलेमच्या तटाबाहेर उभा राहून हिज्कीया राजाच्या अधिकाऱ्यांना शरण येण्यास सांगू लागला. जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हा प्रसंग आला आहे. एल्याकीम, शेबना आणि यवाह या तिघा अधिकाऱ्यांनी त्याला विनवले की, आपण आमच्याशी अरामीत बोलावे, ती आम्हांला समजते. तटावर बसलेल्या लोकांच्या कानांवर पडेल अशा यहूदी भाषेत बोलू नये. यहूदी भाषा म्हणजे त्या काळची जेरुसलेमची हिब्रू. रब्शाकेला नेमके तटावरच्या लोकांनाच घाबरवायचे होते, त्यामुळे त्याने आवाज चढवून पुढचे सगळे यहूदी भाषेत ऐकवले. दरबारातील माणसांना अरामी येत होती, तटावरच्या शिपायाला येत नव्हती, आणि हा फरक दोन्ही बाजूंना पुरता ठाऊक होता, एवढे या एका प्रसंगातून हाती लागते.

पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. राजघराण्यातील माणसे, कारागीर आणि शहरातले जाणते लोक बाबिलोनला नेले गेले. पण देशातल्या अगदी गरिबांना द्राक्षमळे आणि शेती पाहण्यासाठी मागे ठेवले, असे तेच पुस्तक सांगते. या मागे राहिलेल्या कुळवाड्यांना आपली बोली सोडण्याचे काहीच कारण नव्हते. ज्यांनी अरामी उचलली ते बाबिलोनमध्ये होते, किंवा सरकारदरबारी ज्यांचे काम पडत होते असे होते. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा राजा कोरेश याने बाबिलोन घेतल्यावर तर इराणी साम्राज्याचा सगळा पत्रव्यवहार इजिप्तपासून आपल्या वायव्य सीमेपर्यंत अरामीत होऊ लागला. त्या व्यवस्थेची मुळे इतकी खोल गेली होती की, इराणी साम्राज्य लयाला जाऊन कित्येक दशके लोटल्यावरही अशोकाने कंदाहारजवळ लेख कोरून घेतला तो ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत.

इजिप्तमधील पुरावा या बाबतीत फार बोलका आहे. आस्वानजवळ नाईल नदीतील एलेफंटिनी बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात ज्यू शिपायांची वसाहत होती. तिथून मिळालेल्या पपायरसांत विवाहाचे करार आहेत, घरांची खरेदीखते आहेत, आणि याहूचे, म्हणजे ज्यूंच्या देवाचे, मंदिर इ.स.पू. ४१० मध्ये पाडले गेल्यानंतर यहूदाच्या सुभेदाराकडे इ.स.पू. ४०७ मध्ये पाठवलेला अर्जही आहे. माणसांची नावे यदन्या, अनन्या, मिबताह्या अशी अस्सल हिब्रू वळणाची. भाषा मात्र सर्वत्र अरामी. ही केवळ कचेरीची भाषा असावी असे वाटत असेल, तर त्याच बेटावरचे एक खापर पाहावे. इस्लाह नावाच्या बाईला कोणीतरी त्यावर शाईने लिहिले आहे की, उद्या भाजी पाठवत आहे, शब्बाथाचा (साप्ताहिक विश्रांतीचा) दिवस असला तरी नावेवर जाऊन ती उतरवून घे, नाहीतर ती हरवेल, आणि हरवली तर देवाशपथ तुझा जीव घेईन. मशुल्लेमेथवर किंवा शमायावर विसंबून राहू नकोस, असेही त्यात बजावले आहे. जो माणूस देवाची शपथ आणि शब्बाथाचा उल्लेख एका दमात करून भाजीसाठी असा तणतणतो, तो आपल्या रोजच्या भाषेतच तणतणत असणार.

पण त्याच शतकात जेरुसलेममध्ये नहेम्या हा अधिकारी संतापला होता तो निराळ्याच कारणाने. काही ज्यूंनी अश्दोद, अम्मोन आणि मवाब येथील बायका केल्या होत्या. त्यांची निम्मी मुले अश्दोदी बोलत आणि त्यांना यहूदी भाषा बोलता येत नसे, अशी तक्रार त्याच्या पुस्तकात आहे. मुलांना हिब्रू येत नाही ही गोष्ट जिथे तक्रारीची ठरते, तिथे बाकीच्यांना ती येत होती हे उघड आहे. याच पुस्तकात एज्रा या शास्त्र्याने लोकांपुढे नियमशास्त्र वाचले आणि त्याचा अर्थ समजावून दिला असे वर्णन आहे. पुढील काळातील तालमुदच्या, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या, पंडितांनी याचा अर्थ ‘अरामीत भाषांतर करून सांगितले’ असा लावला आणि आपल्या वाचनातला समज बहुतांशी तिथूनच आलेला आहे. परंतु मूळ वाक्यात अरामीचे नावही नाही.

प्रश्न (पुण्याहून भाषाशास्त्राची एक विद्यार्थिनी) : ग्रंथांची भाषा आणि तोंडची भाषा एक असतेच असे नाही. मग रोमन काळात सामान्य ज्यू काय बोलत होते, हे अभ्यासक कशावरून ठरवतात?

उत्तर : ज्या मजकुरात लिहिणाऱ्याने भाषेकडे लक्ष दिलेले नसते, तो मजकूर या कामी सर्वांत उपयोगी पडतो. मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९४७ पासून जी सुमारे ९०० हस्तलिखिते सापडली, त्यांत शंभरावर अरामी आहेत, थोडी ग्रीक आहेत आणि बाकीची हिब्रू आहेत. परंतु ती ज्या ज्यू पंथाची मानली जातात, तो स्वतःच्या पावित्र्याविषयी कमालीचा जागरूक होता, तेव्हा त्याने पवित्र भाषा आवर्जून वापरली असेल अशी शंका राहतेच. म्हणून मला त्या गुंडाळ्यांपेक्षा घाईत लिहिलेली पत्रे अधिक मोलाची वाटतात.

अशी पत्रे सुदैवाने आहेत. रोमविरुद्धच्या इ.स. १३२ ते १३५ च्या बंडाचा नेता शिमोन बार कोसिबा, ज्याला इतिहास बार कोखबा म्हणून ओळखतो, त्याने आपल्या हाताखालच्या माणसांना पाठवलेली पत्रे वादी मुरब्बआत आणि नहल हेवर येथील गुहांत मिळाली. नहल हेवरची पत्रे यिगाएल यादिन यांच्या तुकडीने १९६० मध्ये शोधली. त्यांतली बहुतेक अरामीत आहेत, काही हिब्रूत आणि दोन ग्रीकमध्ये. मांडवसण या ज्यूंच्या सणासाठी लागणाऱ्या वस्तूंची मागणी पाहा. यहूदा बार मनश्शे याला लिहिलेल्या अरामी पत्रात शिमोन कळवतो की, दोन गाढवे पाठवली आहेत, त्यांच्यावर खजुरीच्या झावळ्या आणि महाळुंगे लादून छावणीत पोचती करावीत, मेंदीवर्गातील डहाळ्या आणि वाळुंजाच्या फांद्या तुझ्याकडून याव्यात, आणि सगळ्याचा दशमांश काढलेला असावा. त्याच सणासाठी तोच माल मागवणारे सौमाइओस नावाच्या माणसाचे पत्र मात्र ग्रीकमध्ये आहे, आणि हिब्रू पद्धतीने लिहिण्याची सोय झाली नाही म्हणून ग्रीकमध्ये लिहिले, असा खुलासाही त्याने केला आहे. सोय का झाली नाही हे ज्या शब्दात आहे, त्याच्या वाचनावरून पंडितांचे आजही जुंपते. एकाच छावणीत, एकाच सणाच्या तयारीत, मालाची यादी हाताशी जो लेखनिक असेल त्याच्या भाषेत जात होती.

हिब्रू पत्रांतला एक बारकावा तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला आवडेल. येशुआ बेन गलगुला या अधिकाऱ्याला शिमोनने दरडावले आहे की, मी आकाशाला साक्षी ठेवून सांगतो, सांगितले तसे केले नाही तर बेन अफलूलच्या पायांत घातल्या तशा बेड्या तुमच्याही पायांत घालीन. यातील ‘आकाशाला’ हे ग्रांथिक हिब्रूत ‘एत हाशामाइम’ असे लिहायला हवे. पत्रात मात्र कर्मदर्शक ‘एत’ आणि त्यापुढचा ‘हा’ हे दोन्ही गिळून एकटे ‘त’ हे अक्षर शब्दाला चिकटवलेले आहे. ‘बेड्या’ या शब्दापाशीही तेच घडले आहे. असा संकोच पोथी पाहून लिहिणारा करत नाही. कानाला जसे ऐकू येते तसे लिहिणारा करतो. इ.स. १३० च्या दशकात यहूदियात हिब्रू तोंडात खेळत होती याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले जात असे. अब्राहम गायगर यांनी १८४५ मध्ये असे मांडले की, इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिशना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाची हिब्रू ही पंडितांनी अरामीवरून बेतलेली कृत्रिम भाषा आहे. १९०८ मध्ये मोशे सेगल यांनी त्याला उत्तर दिले. मिशनाच्या हिब्रूत अरामीची छाप आहे, अनेकवचनाचा प्रत्ययही पुष्कळदा अरामी धर्तीचा आहे. परंतु तिचे व्याकरण बायबलच्या हिब्रूतून स्वाभाविकपणे वाढत आलेल्या बोलीचे आहे, असे त्यांनी दाखवले. बार कोखबाची पत्रे तेव्हा गुहेतच पडून होती. ती बाहेर आली आणि सेगल यांचे म्हणणे बळकट झाले.

तालमुदमधील एक हकिगत याच संदर्भात नेहमी सांगितली जाते. मिशनाचे संकलक रब्बी यहूदा हानासी यांच्या शिष्यांना मिशनातीलच काही हिब्रू शब्द अडले. पुढे त्यांनी गुरूंच्या घरच्या दासीला बोलताना ऐकले. तुटकतुटक गटांनी आत येणाऱ्या पंडितांना तिने ‘असे किती वेळ सेरुगीन याल?’ म्हणून हटकले, कोणाच्या हातून घोळीची भाजी सांडत होती त्याला तिने भाजीचे हिब्रू नाव घेऊन टोकले, आणि दुसऱ्या दासीला केरसुणी घ्यायला सांगताना यशयाच्या ग्रंथातला अडलेला शब्द सहज वापरला. यात रंजकतेचा अंश असेल. तरी केरसुणीचा शब्द पाठशाळेत हरवतो आणि झाडलोट करणारीला येतो, हे मला कल्पित वाटत नाही.

आता उलट बाजूचाही पुरावा द्यायला हवा, कारण हिब्रूचे अभिमानी तो गाळतात. मंदिरात प्रथम फळे अर्पण करताना प्रत्येक शेतकऱ्याने ठरावीक हिब्रू मजकूर स्वतः म्हणायचा असे. मिशनात नोंद आहे की, पूर्वी ज्यांना म्हणता येई ते स्वतः म्हणत आणि ज्यांना येत नसे त्यांना याजक एकेक शब्द सांगत. पण न येणारे लाजेने फळे आणीनासे झाले, म्हणून जाणता असो वा नेणता, सर्वांनाच सांगून म्हणवून घ्यावे असा नियम केला. म्हणजे मंदिर उभे असताना, इ.स. ७० च्या आधीच, हिब्रू न येणारे ज्यू शेतकरी इतके होते की त्यांच्यासाठी नियम बदलावा लागला. (त्या मजकुराची सुरुवात ‘माझा पिता भटका अरामी होता’ अशी आहे, हा योगायोग मजेदार आहे.) जेरुसलेमच्या आसपास सापडलेल्या, अस्थी ठेवण्याच्या दगडी पेट्यांवरही नावे कुठे हिब्रू ‘बेन’ (मुलगा) लावून, कुठे त्याच अर्थाचे अरामी ‘बार’ लावून, तर कुठे ग्रीक अक्षरांत कोरलेली आहेत.

प्रश्न (कोल्हापूरहून एक शिक्षक) : हिब्रू आणि अरामी यांचे नाते संस्कृत आणि प्राकृत यांच्यासारखे समजावे काय?

उत्तर : तसे समजल्यास गैरसमज होईल. अरामी हिब्रूपासून निघालेली नाही. दोन्ही वायव्य सेमिटिक कुळातल्या बहिणी आहेत आणि अरामीचे स्वतःचे प्राचीन शिलालेख आहेत. त्यामुळे अरामी म्हणजे अशुद्ध किंवा घसरलेली हिब्रू, अशी भावना ज्यूंमध्ये दिसत नाही. बायबलमध्येच एज्राच्या आणि दानिएलच्या पुस्तकांतले मोठे भाग अरामीत आहेत. दानिएलच्या पुस्तकात तर दुसऱ्या अध्यायात खास्दी ज्योतिषी राजाशी बोलू लागतात तिथे हिब्रू थांबते आणि सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत अरामी चालते.

तुमच्या तुलनेतला एक धागा मात्र उपयोगी आहे. सभास्थानात नियमशास्त्र हिब्रूत वाचले जाई आणि दुभाष्या त्याचे अरामी भाषांतर तोंडी सांगे. या भाषांतराला तारगुम म्हणतात. मिशनाचा नियम असा की, नियमशास्त्रातील एका वेळी एकच ओळ वाचावी, संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील मात्र तीनपर्यंत चालतील. रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी केलेल्या वर्तनासारखे काही उतारे वाचावेत, पण भाषांतर करू नयेत, असेही तिथे सांगितले आहे. ज्या गोष्टी श्रोत्यांना कळू नयेत म्हणून दुभाष्याला गप्प बसवावे लागते, त्या गोष्टी बहुसंख्य श्रोत्यांना मूळ हिब्रूत पुरत्या कळत नव्हत्या हे निराळे सांगायला नको.

प्रश्न (वसईहून एक वाचक) : येशू अरामी बोलत होता, असे धर्मगुरूंकडून ऐकले आहे. त्याला हिब्रू येत नव्हती काय?

उत्तर : गालीलात वाढलेल्या माणसाची घरची भाषा अरामी असणे स्वाभाविक आहे. शुभवर्तमाने ग्रीकमध्ये असली तरी मार्काने काही उद्गार जसेच्या तसे ठेवले आहेत : याईराच्या मुलीला उठवताना ‘तलीथा कूम’, बहिऱ्याचे कान उघडताना ‘एप्फाथा’, क्रुसावर ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’. शेवटचे वाक्य बाविसाव्या स्तोत्रातले आहे. मूळ स्तोत्र हिब्रू असताना इथे ते अरामीत येते, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे. दुसरीकडे, नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाच्या ग्रंथातून वाचले असे लूक सांगतो, आणि शास्त्र्यांशी त्याचे जे वाद झाले ते वचनांच्या शब्दाशब्दांवर चालणारे होते. तेवढी हिब्रू त्याला अवगत होती असे मानायला हरकत नाही.

गालीलच्या अरामीची जेरुसलेमकडे टवाळी होत असे. येशूचा शिष्य पेत्र याला प्रमुख याजकाच्या अंगणात लोकांनी ओळखले ते बोलण्याच्या ढबीवरून, असे मत्तय लिहितो. गालीलातले लोक कंठातली व्यंजने एकमेकांत मिसळून टाकत. तालमुदमध्ये एक गालीलकर बाजारात ‘अमर कोणाकडे आहे, अमर?’ म्हणून हिंडतो, तेव्हा लोक त्याला विचारतात, ‘अरे वेड्या गालीलकरा, तुला बसायला गाढव हवे, प्यायला द्राक्षारस हवा, अंगावर घालायला लोकर हवी की कापायला कोकरू हवे?’ अरामीत या चारही शब्दांत फरक आहे तो सुरुवातीच्या व्यंजनाचा किंवा स्वराचा, आणि गालीलकराच्या तोंडी ते सगळे एकच होऊन बसत.

बाबिलोनच्या अरामीची आणि इस्राएल देशातल्या अरामीची गाठ पडली की आणखी गोंधळ होई. बाबिलोनच्या एका गृहस्थाने इस्राएल देशात लग्न केले. त्याने बायकोला दोन मसुरा शिजवायला सांगितल्या, तर तिने मोजून दोन दाणे शिजवले. त्याने दोन ‘बुत्सीन’ आण म्हटले. त्याच्या बोलीत ती वेलावरची फळे होती, तिच्या बोलीत दिवे, म्हणून तिने दोन दिवे आणून ठेवले. चिडून तो म्हणाला, ‘फोड ते बाबाच्या डोक्यावर!’ त्याच्या मनात दाराची चौकट होती. दारातच बाबा बेन बुता हे पंडित न्यायनिवाडा करत बसले होते. बाईने दिवे त्यांच्या डोक्यावर फोडले. नवऱ्याने सांगितले तसे केले, हे ऐकून त्या भल्या माणसाने तिला आपल्यासारखे दोन मुलगे होवोत असा आशीर्वाद दिला. तेव्हा ‘ज्यू अरामी बोलत’ असे म्हणताना कुठली अरामी, हाही प्रश्न उरतोच.

प्रश्न (ठाण्याहून बेने इस्राएल समाजातील एक वाचक) : आमच्या प्रार्थना हिब्रूत असतात, पण लग्नात वाचली जाणारी केतुबा आणि मृतांसाठी म्हटली जाणारी कद्दीश अरामीत असते असे वडीलधारे सांगतात. असा भेद का?

उत्तर : केतुबा हा करार आहे. नवरा कोणती रक्कम देणे लागतो, तो मेला तर बायकोने कुठे राहावे, तिचा खर्च कशातून चालावा, या गोष्टी त्यात असतात, आणि त्या दोन्ही पक्षांना आणि साक्षीदारांना समजणे आवश्यक होते. मिशना हा ग्रंथ हिब्रू आहे, परंतु केतुबेतली कलमे उद्धृत करताना तो अरामीकडे वळतो. ‘तू कैद झालीस तर मी तुला सोडवून आणीन आणि पुन्हा बायको म्हणून नांदवीन’ हे कलम तिथे अरामीत आहे. ‘तू वैधव्याच्या सर्व काळात माझ्या घरात राहशील आणि माझ्या मालमत्तेतून तुझे पोषण होईल’ हे कलमही अरामीतच आहे. त्यावर मिशना अशी पुस्ती जोडतो की, जेरुसलेमचे आणि गालीलचे लोक असे लिहीत. यहूदियाचे लोक मात्र ‘वारस तुझी केतुबा चुकती करीपर्यंत’ अशी अट घालत. हिब्रू जिथे अधिक टिकून होती त्या यहूदियातही करार अरामीतच होत, हे यातून ध्यानात येते.

प्रत्यक्ष दस्तही हाती आहेत. बाबाथा नावाच्या विधवेने बंडाच्या धामधुमीत आपली सुमारे ३५ कागदपत्रे एका कातडी पिशवीत बांधून नहल हेवरच्या गुहेत नेली. ती १९६१ मध्ये सापडली. जमिनीचे, कर्जाचे आणि मुलाच्या पालकत्वाचे दस्त त्यांत आहेत, काही नबाती लिपीतल्या अरामीत, काही ज्यू अरामीत आणि बरेचसे ग्रीकमध्ये, कारण इ.स. १०६ नंतर तो मुलूख रोमन प्रांत झाला होता. बाबाथाला स्वतःला लिहिता येत नव्हते. तिची केतुबा मात्र अरामीत आहे, आणि ‘मोशेच्या व यहूद्यांच्या नियमाप्रमाणे’ हे शब्द तीत आहेत. तुमच्याकडच्या केतुबेत ‘मोशेच्या व इस्राएलाच्या नियमाप्रमाणे’ असे जे येते, ते याच वाक्याचे पुढचे रूप होय.

कद्दीशचे मूळ पाठशाळेत आहे असे मानले जाते. प्रवचन संपल्यावर देवाच्या नावाचे स्तवन करायचे, आणि प्रवचनाला आलेल्या साध्या माणसांना ते समजायला हवे, म्हणून ते अरामीत, असे मध्ययुगातील टीकाकारांनी स्पष्टीकरण दिले आहे. याला विरोध करणारे मतही होते : रब्बी योहानान म्हणत की, माणसाने आपल्या गरजा अरामीत मागू नयेत, कारण सेवक देवदूतांना अरामी कळत नाही. तरीही वल्हांडण या सणाच्या रात्री ‘जो भुकेला असेल त्याने यावे व जेवावे’ हे आमंत्रण आजतागायत अरामीत दिले जाते. भुकेल्याला न समजणाऱ्या भाषेत आमंत्रण देण्यात अर्थ नव्हता. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, तिच्यामागे हीच गरज होती. फरक इतकाच की, एकेकाळी समजावी म्हणून अरामीत ठेवलेल्या ओळींनाही तोपर्यंत भाषांतर लागत होते.

प्रश्न (सोलापूरहून एक वाचक) : आज हिब्रूची म्हणून ओळखली जाणारी चौकोनी लिपी मूळची हिब्रूच काय?

उत्तर : नाही, ती अरामी लिपी आहे, इराणी राजवटीत आणि त्यानंतर ज्यूंनी ती स्वीकारली. जुनी हिब्रू लिपी शोमरोनी लोकांनी, म्हणजे नियमशास्त्र मानणाऱ्या पण ज्यूंपासून वेगळ्या राहिलेल्या शेजारी समाजाने, राखली. ज्यूंमध्येही ती काही खास जागी दिसते : कुमरानच्या काही हस्तलिखितांत देवाचे नाव तेवढे जुन्या लिपीत आहे, आणि बार कोखबाने नाणी पाडली तीही त्याच लिपीत. पत्रे लिहिताना मात्र त्याच्या लेखनिकांना चौकोनी लिपीच सोयीची होती.

प्रश्न (पणजीहून एक वाचक) : या सगळ्यात ग्रीकचे स्थान काय?

उत्तर : इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ज्यूंची ती मातृभाषाच झाली होती, आणि त्यांच्यासाठी नियमशास्त्राचे ग्रीक भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकात झाले. इस्राएल देशातही किनाऱ्यावरच्या शहरांत तिचा जोर होता. लेवी बार हैता हे पंडित कैसरियाला गेले असता तिथे लोक ‘शमा’ ही प्रार्थनाच ग्रीकमध्ये म्हणताना त्यांना आढळले. त्यांना ते थांबवावेसे वाटले. पण रब्बी योसे रागावून म्हणाले की, ज्याला हिब्रू वाचता येत नाही त्याने म्हणूच नये की काय? बेथ शआरीमच्या दफनगुहांत, जिथे रब्बी यहूदा हानासी यांना पुरले असे परंपरा सांगते, बहुसंख्य लेख ग्रीक आहेत.

प्रश्न (अमेरिकेतील न्यू जर्सीहून एक वाचक) : मग हिब्रू बोलण्यातून नेमकी केव्हा गेली? आणि ज्यूंमधली अरामी आज कुठे शिल्लक आहे काय?

उत्तर : एखादे साल सांगता येणार नाही, पण कारण सांगता येते. इ.स. १३५ मध्ये बंड मोडले तेव्हा यहूदियातली खेडी उजाड झाली. हिब्रू टिकून होती ती याच खेड्यांत. उरलेले लोक आणि पंडितांची पीठे गालीलात गेली, आणि गालील अरामी बोलणारे होते. रब्बी यहूदा हानासी यांचे एक वचन आहे की, इस्राएल देशात सूर्सी, म्हणजे अरामी, हवी कशाला? एक तर पवित्र भाषा बोला, नाहीतर ग्रीक. असा त्रागा करण्याची वेळ त्यांच्यावर आली, यावरून लोक काय बोलत होते ते कळते. बाबिलोनमध्ये रब्बी योसेफ यांनी हेच वाक्य थोडे बदलून म्हटले : बाबिलोनमध्ये अरामी कशाला, एक तर पवित्र भाषा नाहीतर फारसी. तिथेही कोणी ऐकले नाही. बाबिलोनचा तालमुद बव्हंशी अरामीतच आहे.

लिहिण्यात मात्र दोन्ही भाषा शेजारी नांदत राहिल्या. मृत समुद्राकाठच्या एन गेदी येथील सभास्थानाच्या फरशीवर आदामापासूनची वंशावळ, राशींची आणि महिन्यांची नावे हिब्रूत आहेत. त्याखाली जो शेजाऱ्यांत भांडण लावील, चोरी करील किंवा गावचे गुपित परक्यांना सांगेल त्याला दिलेला शाप आहे, तो अरामीत. गुपित बहुधा तिथल्या सुगंधी बलसामाच्या उत्पादनाचे असावे, असा एक तर्क आहे. ज्यांनी शाप ऐकून वचकायचे होते त्यांची भाषा कोणती होती, हे मात्र तर्काने ठरवावे लागत नाही.

सातव्या शतकातील अरब विजयानंतर अरबीने अरामीची जागा हळूहळू घेतली. कुर्दिस्तानच्या डोंगराळ भागात, जाखो आणि अमादिया अशा गावांतले ज्यू मात्र विसाव्या शतकापर्यंत घरी अरामीच बोलत होते. १९५० आणि १९५१ या वर्षांत इराकमधील बहुतेक ज्यू इस्राएलला गेले, त्यांत हेही होते. ती अरामी आजही त्यांच्यातील वृद्धांच्या तोंडी ऐकू येते. मुलानातवंडांची घरची भाषा आता हिब्रू आहे.